चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेश, समन्वेषण

महाराष्ट्राच्या अतिपूर्वेकडील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील अपरिचित स्थळे, प्राचीन अवशेष, खनिजे व वनवासी जनजीवन यांचा शोध घेऊन त्यांची नोंद करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास. हे दोन्ही जिल्हे मिळून पूर्वीचा चांदा जिल्हा होत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. चंद्रपूरचे क्षेत्रफळ सु. ११,४४३ चौ. किमी. व गडचिरोलीचे सु. १४,४१२ चौ. किमी. असून वर्धा, वैनगंगा, त्यांच्या संगमातून होणारी प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांनी हा मुलूख वेढलेला व विभागलेला आहे. वैनगंगेच्या पूर्वेस मैदान हळूहळू संपून डोंगराळ अरण्य सुरू होते. वऱ्हाड-नागपूरकडील लोक या भागास ‘झाडी’ किंवा ‘झाडीपट्टी’ म्हणतात.

हा प्रदेश अज्ञात होता, असे विधान एकोणिसाव्या शतकातील बहुतेक इंग्रजी अहवालांत आढळते व त्यांच्या आधारे लिहिलेल्या मराठी ग्रंथांतही ते उतरले आहे. ते जपूनच स्वीकारावे लागते. ज्या ठिकाणांचा ‘शोध’ लागल्याचे सांगितले जाते, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी यात्रा भरत होती, पूजा होत होती किंवा निदान आसपासच्या गावांना त्याचे नाव तरी ठाऊक होते. प्रदेश दडलेला होता तो कागदोपत्री. शिवाय जे अधिकारी व तज्ञ येथे आले, ते हिरे, महसूल, तारायंत्र, कोळसा, सागवान, लोखंड अशा कशाच्या ना कशाच्या शोधात आले. मंदिरे, शिलालेख व माणसे त्यांना वाटेत भेटली. नोंदींचे गुण आणि त्यांतील उणिवा या दोहोंचा उगम याच वस्तुस्थितीत आहे.

प्राचीन लिखित उल्लेख थोडे आहेत. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या रतनपूर येथील शिलालेखात (१११४) त्यास खंडणी देणाऱ्या प्रदेशांच्या यादीत वैरागर हे नाव येते. हेच आजच्या आरमोरी तालुक्यातील वैरागड होय, असे मानले जाते. खोब्रागडी व सातनाला या नद्यांच्या संगमाजवळील हे गाव हिऱ्यांच्या खाणींमुळे दूरवर प्रसिद्ध होते. आईन-इ-अकबरीतही तेथील हिऱ्यांच्या खाणीचा निर्देश असून चांद्याच्या गोंड राजाच्या सैन्याचा आकडा दिलेला आहे. मोगल दरबाराला या मुलुखाविषयी जे माहीत होते, ते मुख्यतः एवढेच : हिरे, हत्ती आणि पायदळ. खाणी पुढे बंद पडल्या. किल्ल्याचे अवशेष तेवढे राहिले.

गोंड राजवटीने स्वतःचा लिखित इतिहास मागे ठेवला नाही. बल्लारपूर व नंतर चांदा येथून राज्य करणाऱ्या या घराण्याने चांद्याभोवती सु. १२ किमी. परिघाचा तट बांधला, तळी खोदणाऱ्यास जमीन देऊन रयत वसविली, अचलेश्वर व महाकाली ही देवस्थाने नावारूपास आणली. या गोष्टींचा पुरावा दगडात व पाण्यात आहे, दप्तरात नाही. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. भोसल्यांच्या अंमलात पूर्वेकडील जमीनदाऱ्यांशी संबंध बहुतांशी खंडणीपुरता राहिला. अहेरीच्या मोठ्या जमीनदारीत तर मध्यवर्ती सत्तेचा कारकून क्वचितच पोचत असे.

तिसरे रघूजी भोसले यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य खालसा झाले (१८५४) व चांदा जिल्हा ब्रिटिश प्रशासनाखाली आला. दक्षिणेकडील सिरोंचाचा भाग निजामाकडून १८६० मध्ये मिळाला आणि तेथे ‘अपर गोदावरी’ नावाचा वेगळा जिल्हा करण्यात आला. त्यामागे एक मोठा मनसुबा होता. गोदावरी व प्राणहिता यांतील खडक फोडून व बंधारे बांधून समुद्रकिनाऱ्यापासून वर्धेच्या खोऱ्यापर्यंत जलमार्ग काढावयाचा आणि विदर्भाचा कापूस नावांतून खाली न्यावयाचा, अशी ती योजना होती. काही वर्षे खर्च करून सरकारने ती सोडून दिली, कारण दरम्यान रेल्वे आली होती. परंतु या निमित्ताने नदीकाठाचे मोजमाप झाले आणि सिरोंचा हे आडबाजूचे गाव काही काळ जिल्ह्याचे ठाणे बनले. १८७४ मध्ये तो भाग चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला.

तारायंत्राचे काम याच्याही आधी सुरू झाले होते व त्याची एक रक्तरंजित नोंद आहे. १८५८ च्या एप्रिलअखेर प्राणहितेकाठी चुंचगुंडी येथे तळ देऊन राहिलेल्या तारखात्याच्या गार्टलंड व हॉल या दोन कर्मचाऱ्यांना बंडखोरांनी ठार केले. या बंडाचे नेते मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके व अडपल्ली-घोटचे व्यंकटराव हे होते. बाबुरावांना पुढे पकडण्यात येऊन २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चांद्याच्या इतिहासात हा प्रसंग उठाव म्हणून येतो व ते योग्यच आहे. पण समन्वेषणाच्या दृष्टीनेही त्यास महत्त्व आहे. तारेचे खांब व मोजणीची साखळी अरण्यात येणे म्हणजे काय, हे जमीनदारांना त्यांच्या पाहुण्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळले होते, असे म्हणावयास जागा आहे.

याच सुमारास शास्त्रीय जिज्ञासेने या भागाकडे पाहणारा एक मनुष्य नागपुरास होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये तेथे आला. त्याने रॉबर्ट हंटरसह नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लिहिलेला निबंध (१८५५) या क्षेत्रातील आरंभीचा पाया समजला जातो. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या डाव्या काठावरील कोटा या खेड्याच्या चुनखडकात माशांचे जीवाश्म सापडत असल्याचे तोवर कळले होते. त्यांचे पहिले वर्णन १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले होते. हिस्लॉपने या थरांचा इतर थरांशी संबंध जुळविण्याचा प्रयत्न केला. गोंड व इतर आदिवासींच्या भाषा-परंपरांविषयीची त्याची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल याने संपादून प्रसिद्ध केली (१८६६). हिस्लॉपचा मृत्यूही शोधयात्रेतच झाला. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून घोड्यावरून परतताना सप्टेंबर १८६३ मध्ये पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला.

चांदा जिल्ह्याची खऱ्या अर्थाने पहिली तपशीलवार नोंद जमाबंदीच्या कामातून निघाली. मेजर ल्यूसी स्मिथ याने सादर केलेला जमीनमहसूल व्यवस्थेचा अहवाल (१८६९) हा वरवर पाहता शेतसाऱ्याचा दस्तऐवज आहे. परंतु सारा ठरविण्यासाठी गाव कोणी वसविले, तळे कोणी खोदले, पाटीलकी कोणाकडून कोणाकडे गेली, हे विचारावे लागले आणि या चौकशीतून गोंड घराण्याची वंशावळ, चांद्याच्या स्थापनेची कथा, माना व नागवंशी सरदारांच्या परंपरा, किल्ले, देवळे व तलाव यांचा मोठाच संग्रह तयार झाला. चार्ल्‌स ग्रँटच्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमधील (१८७०) चांद्याविषयीचा मजकूर बहुतांशी यावर आधारलेला आहे. पुढे १९०९ चे जिल्हा गॅझेटिअर आणि त्यानंतरचे बहुतेक लेखन यांनी तोच कित्ता गिरविला. आज सशाने खांडक्या बल्लाळशहाच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग केला व त्या जागी चांदा वसले, ही कथा जी सर्वत्र सांगितली जाते, तिचे प्रचलित रूप मुख्यतः या अहवालावरून आलेले आहे. कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून व किती पाठभेदांतून ती निवडली गेली, याचा मात्र पत्ता लागत नाही. गोंड राजांचे कालनिर्देशही परंपरेने सांगितलेल्या कारकीर्दींवरून मांडलेले असल्याने त्यांचा ताळा इतर साधनांशी नेहमी जुळत नाही. अभ्यासकांनी या अहवालाचा उपयोग करताना तो एका महसूल अधिकाऱ्याने ऐकलेल्या कथांचा संग्रह आहे, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

अधिकाऱ्यांच्या फिरतीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा असे. पावसाळ्यात वैनगंगेपलीकडील वाटा बंद होत व हिवतापाचे भय असे. परिणामी अहवालांतील झाडी ही नेहमी कोरडी, पानगळीची झाडी आहे. पेरणी, पुरातले जीवन, पावसाळी सण व उपासमारीचे दिवस यांतून जवळजवळ गळाले आहेत. ही अडचण केवळ जुन्या काळची नव्हे. इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा यांच्या संगमाजवळ वसलेले भामरागड पर्लकोटेच्या पुरामुळे एकविसाव्या शतकातही पावसाळ्यात वारंवार तुटत आले आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा १८७३–७५ मधील मध्य प्रांताचा दौरा हा या प्रदेशाच्या पुरातत्त्वातील महत्त्वाचा टप्पा होय. त्यांच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात (१८७९) भांदक, चांदा व मार्कंडी यांची वर्णने आहेत. भांदक (आजचे भद्रावती) येथे विजासन टेकडीतील बौद्ध लेणे, त्यात डोंगरात सरळ खोल गेलेला मार्ग व त्याच्या शेवटी असलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती, डोलारा तलावातील बेटाकडे नेणारा दगडी खांबांचा पूल आणि गावभर विखुरलेले शिल्पखंड त्यांनी पाहिले. चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग याने वर्णिलेल्या कोसल देशाच्या राजधानीचा प्रश्न त्या वेळी गाजत होता. तीसाठी चांदा, वैरागड व भांदक ही नावे निरनिराळ्या विद्वानांनी सुचविली. पुढे छत्तीसगढमधील सिरपूरच्या बाजूने मत झुकले. पण या वादामुळे एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या गावाची मापे घेतली गेली, हा त्याचा लाभ म्हटला पाहिजे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ (इ. स. ७७२) चा ताम्रपट भांदक येथे पुढे मिळाला आणि या भागावरील राष्ट्रकूटांच्या सत्तेचा बळकट पुरावा हाती आला. भांदकमधील जुने घडीव दगड दरम्यान घरांच्या जोत्यांत, विहिरींत व पायऱ्यांत जातच होते.

चांद्यास लालपेठेच्या बाजूला उघड्यावर पडलेल्या भव्य पाषाणमूर्तींचे कोडे कनिंगहॅम यांच्यापुढेही होते. रायप्पा नावाच्या वैश्याने मोठे देवालय उभारण्याच्या हेतूने त्या घडविल्या व काम अपुरे राहिले, अशी परंपरा आहे. त्यांतील दशमुखी दुर्गेस लोक तिच्या दहा तोंडांवरून ‘रावण’ म्हणत आले. विद्वानांनी ही चूक दुरुस्त केली. लोकांनी नाव बदलले नाही.

मार्कंडी (मार्कंडादेव) हे चामोर्शी तालुक्यातील ठिकाण वैनगंगेच्या डाव्या काठी आहे. येथे नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि उत्तरवाहिनी नदीचा काठ म्हणून त्यास तीर्थाचे माहात्म्य प्राप्त झाले. सु. ६० मी. लांब व ३६ मी. रुंद अशा आवारात सु. वीस लहानमोठी देवळे कनिंगहॅम यांना दिसली. त्यांपैकी मुख्य मार्कंडेश्वर मंदिराच्या भिंतींवर मूर्तींचे एकावर एक पट्ट असून त्यांची तुलना त्यांनी खजुराहोच्या मंदिरांशी केली. ती पुढे इतकी रूढ झाली की, ‘विदर्भाचे खजुराहो’ या बिरुदापलीकडे या मंदिराचे वर्णन बहुधा जात नाही. वास्तविक दशावतारांच्या मूर्ती असलेला मंडप, शैव मूर्तींचे वैविध्य व नदीच्या पात्राशी साधलेला देवळांचा मेळ ही मार्कंडीची स्वतःची वैशिष्ट्ये होत. मंदिरे स्थूलमानाने अकराव्या-बाराव्या शतकांतील आहेत. म्हणजे लोक ज्याला त्यांचे कर्तृत्व देतात तो तेराव्या शतकातील हेमाद्री अथवा हेमाडपंत त्यांच्या बांधणीनंतरचा ठरतो. कनिंगहॅम यांच्या भेटीपूर्वी सु. शंभर वर्षे वीज पडून मुख्य मंदिराचे शिखर मंडपावर कोसळले होते व एका गोंड राजाने त्याची डागडुजी केली होती, असे त्यांना सांगण्यात आले. त्या डागडुजीचे ओबडधोबड खांब मूळ कामाशेजारी सहज ओळखू येतात. कलासमीक्षक त्यांना विद्रूप म्हणतात. परंतु त्या खांबांविना मंडपाचा किती भाग उभा राहिला असता, हा प्रश्न त्यांनी सहसा विचारलेला नाही. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुख्य मंदिराचे दगड उतरवून ते पुन्हा बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. ते बराच काळ रेंगाळले. महाशिवरात्रीची यात्रा या सर्व काळात भरतच राहिली.

कनिंगहॅम यांच्यानंतर हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची सूची तयार केली (१८९७) व रायबहादूर हिरालाल यांनी कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली (१९१६). सूचीचे काम रूक्ष दिसते. तथापि वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील लहानमोठ्या लेखांची एकत्र मोजदाद होऊ शकली ती या परिश्रमांमुळेच. हिरालाल हे याच प्रांताचे रहिवासी व येथील बोलींचे जाणकार होते. गावाच्या नावात जुने नाव ओळखण्याची त्यांची पद्धत पुढील संशोधकांना उपकारक ठरली.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण देवटेकचे आहे. नागभीड तालुक्यातील या खेड्यात सु. तीन मीटर लांबीची एक कोरीव शिळा होती. कनिंगहॅम यांनी तिचा ठसा प्रसिद्ध केला होता (१८७७), पण वाचन समाधानकारक लागले नव्हते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी मूळ शिळेची पुन्हा तपासणी करून तिच्यावर दोन भिन्न काळांचे लेख असल्याचे दाखविले व १९३५ मध्ये म्हैसूर येथील अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेत ते मांडले. त्यांपैकी जुना लेख अशोककालीन ब्राह्मी लिपीत असून त्यात प्राण्यांना पकडण्यास वा मारण्यास बंदी करणारी राजाज्ञा आहे. दुसरा लेख सु. सहाशे वर्षांनंतरचा, वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाविषयीचा आहे. दोन्ही लेखांत चिकंबरी वा तत्सम ग्रामनाम येते. देवटेकला लागून चिकमारा नावाचे गाव आहे. मिराशींनी हे चिकमारा म्हणजेच लेखांतील चिकंबरी होय, असे दाखवून दिले. पाटलिपुत्राची आज्ञा येथवर पोचत होती आणि वाकाटकांचा एक आरंभीचा राजा येथे धर्मस्थान उभारीत होता, ही गोष्ट विदर्भाच्या इतिहासाची चौकट बदलणारी ठरली. त्या ओळखीची किल्ली एखाद्या ग्रंथात सापडली नाही. ज्या गावकऱ्यांना लेख वाचता येत नव्हता, त्यांनीच दोन हजारांहून अधिक वर्षे ते नाव तोंडी टिकविले होते. ती शिळा पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात नेण्यात आली. अ. ज. राजूरकर यांनी चंद्रपूरचा इतिहास हा ग्रंथ लिहून स्थानिक परंपरा व असे विखुरलेले संशोधन मराठी वाचकांपुढे एकत्र आणले.

भूवैज्ञानिक शोधांना आर्थिक प्रयोजन अधिक स्पष्ट होते. टी. डब्ल्यू. एच. ह्यूझ यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील वृत्तांत १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात वरोऱ्याची खाण चालू होऊन तेथवर रेल्वे आली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, तोवर बल्लारपूरकडे खाणकाम सुरू झाले होते. १८७८ च्या वन अधिनियमानंतर सरकारी जंगलांची आखणी झाली आणि आलापल्लीचे सागवान सर्वत्र प्रसिद्धी पावले. त्या जंगलाचा एक जुना, तोडीपासून राखलेला तुकडा ‘वनवैभव’ म्हणून ओळखला जातो. २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले. महाराष्ट्रातील ते असे पहिले स्थळ होय. वनखात्याच्या नकाशांनी डोंगर, नाले व पाऊलवाटा प्रथमच बारकाईने दाखविल्या. मात्र त्या नकाशांत जंगलाला क्रमांक मिळाले व गावांनी आपापल्या रानातील टेकड्या-पाणवठ्यांना दिलेली नावे फारशी उतरली नाहीत.

राजकीय सीमांनीही काही स्थळे दीर्घकाळ अभ्यासाबाहेर ठेवली. राजुरा तालुका हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे वर्धेपलीकडचा माणिकगड किल्ला नागपूरच्या अभ्यासकांना परमुलुखातील व हैदराबादच्या अभ्यासकांना एका टोकाचा वाटत राहिला. गोंडपूर्व काळातील बांधणी व दरवाजावरील नागशिल्प यांमुळे तो विदर्भातील किल्ल्यांत वेगळा आहे. सिरोंचाकडील भाग तेलुगू भाषक असल्याने मराठी लेखनात त्यास नेहमीच कमी जागा मिळाली.

माणसांच्या नोंदीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. भामरागड-एटापल्लीकडील माडिया लोकांविषयीचे सविस्तर लेखन प्रथम शेजारच्या बस्तरवरील ग्रंथांतून आले. त्यांत डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन याचा बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथ (१९३८) प्रमुख होय. मृतांच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची माडियांची चाल त्याने वर्णिली आहे. चामोर्शी, केळझर वगैरे ठिकाणची प्राचीन महापाषाणीय दफने एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होती. चिमूर तालुक्यातील हिरापूर येथील मोठ्या शिळांची कोष्ठे त्यानंतर पुष्कळ उशिरा अभ्यासकांच्या दृष्टीस आली. लोहयुगातील ही स्मारके आणि माडियांच्या स्मारकशिला यांत सलग परंपरा आहे, असे सिद्ध झालेले नाही. तथापि एकाच प्रदेशात एक चाल उत्खननात सापडावी व तीच दुसऱ्या रूपात गावाच्या वेशीवर चालू असावी, ही गोष्ट भारतात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

स्वातंत्र्योत्तर काळात चंद्रपूर शहरालगतच्या पापामिया टेकडीवर पुराणाश्मयुगीन हत्यारे मिळाली आणि या भागातील मानवी वस्तीचा काळ एकदम मागे गेला. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा थरांत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकीय संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९६० च्या सुमारास एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉराची हाडे आढळली. रवींद्रनाथ टागोरांच्या सन्मानार्थ त्याचे बारापासॉरस टागोराय असे नामकरण १९७५ मध्ये झाले. ‘बारापा’ म्हणजे मोठा पाय. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वृक्षांचे अश्मीभूत बुंधे जागच्या जागी राखण्यासाठी वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे.

१९८० पासून नक्षलवादी चळवळीने प्राणहिता ओलांडून या अरण्यात पाय रोवले व त्यानंतर कित्येक दशके पूर्व गडचिरोलीतील क्षेत्रीय संशोधन जवळजवळ थांबले. टिपागडचा डोंगरी किल्ला व माथ्यावरील तळे यांचे वर्णन आजही बरेचसे ग्रँटच्या गॅझेटिअरवरून दिले जाते, यावरून ही खीळ किती मोठी होती, हे दिसून येईल. याच काळात शोधाची एक वेगळी रीत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावी उदयास आली. गावकऱ्यांनी अभ्यासगट स्थापून आपल्या जंगलातील झाडे, बांबू, मध, मासे व कायदेकानू यांचा स्वतःच अभ्यास केला. बाहेरच्या जाणकारांना त्यांनी बोलावले ते आपल्या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. पुढे गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले आणि त्यांच्या दाव्यांसाठी रानातील देवस्थाने, पाणवठे, जुन्या गावठाणांच्या जागा व हद्दीच्या खुणा प्रथमच कागदावर उतरल्या. इतिहासाच्या अभ्यासकांनी या दाव्यांच्या कागदपत्रांकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागड हे एकाच जागेच्या तीन नोंदी कशा होतात, याचे उदाहरण आहे. ल्यूसी स्मिथच्या परंपरासंग्रहात तो माना वंशातील सुरजत बडवाईक याने बांधलेला किल्ला आहे. भूवैज्ञानिकांच्या लेखी ती उत्तम प्रतीच्या हेमॅटाइटची टेकडी होय. आसपासच्या इलाख्यातील माडिया-गोंडांचे ते ठाकुरदेवाचे ठाणे असून तेथे दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. २०१६ मध्ये तेथे खाणकाम सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरील अनेक वाहने जाळली आणि काम खंडित झाले. २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू झाले आहे. किल्ल्याच्या अवशेषांचे पद्धतशीर सर्वेक्षण मात्र खाणकामाच्या आधी झाले नव्हते. यात्रेकरू, खनिज वाहून नेणारे ट्रक व पोलीस ठाणी यांच्यामधून वाट काढीत ठाकुरदेवाकडे जाऊ लागले.